सल्ला सोडून सगळं काही

मी पॅरालीगलचा कोर्स करतेय म्हटल्यावर सांगलीत आईने गल्लीभर सांगून टाकलं की ती तिकडं वकिलीचं शिकतीय. इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात गणपतीत भेटलेल्या एका काकूंनी विचारलं, "म्हणजे टायपिंग का गं?" आणि नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने तर ग्रीन कार्डाची फाइलच पुढे सरकवली. तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि नीट समजावून सांगायला पहिली टर्म संपेपर्यंत मलाही जमत नव्हतं, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही.

तर ते आधी सांगून टाकते. वकिलाच्या हाताखाली राहून कायद्याचं जे जे काम करता येतं ते पॅरालीगल करतो. जुने निकाल शोधायचे, मसुदे लिहायचे, अशिलाकडून कागद गोळा करायचे, साक्षीदारांना फोन लावायचे, दावे दाखल करायचे, तारखा सांभाळायच्या. सही वकिलाची, जबाबदारी वकिलाची. आपल्याकडे जिल्हा कोर्टात वकीलसाहेबांचा मुरलेला कारकून असतो ना, ज्याला साहेबांपेक्षा जास्त तारखा पाठ असतात (माझे एक मामा मिरजेत हेच करायचे), त्याच जातकुळीतलं काम. फरक एवढाच की इथे त्याचं रीतसर शिक्षण असतं आणि पॅरालीगलच्या तासांचं बिल अशिलाला वेगळं लागतं. ज्या केसमध्ये वकिलाची फी समोरच्या पार्टीकडून वसूल होते तिथे पॅरालीगलचे तासही बाजारभावाने धरता येतात, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ साली मिझुरी विरुद्ध जेन्किन्स या खटल्यात मान्य केलंय. आमचे सर हा निकाल शिकवताना म्हणाले होते की बाकी काही विसरलात तरी चालेल, हा विसरू नका, तुमचा पगार इथून निघतो.

माझं शिक्षण बी.कॉम., आणि लग्नाआधी काही वर्षं सांगलीत एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी. जामीनदारांच्या सह्या, गहाणखतं, वसुलीच्या नोटिसा, हे सगळं हाताखालून गेलेलं. नंतर नवऱ्याच्या एच-१ म्हणजे नोकरीच्या व्हिसाबरोबर एच-४ वर, म्हणजे त्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, इकडे आले आणि पुढची बरीच वर्षं डिपेंडंट हा एकच हुद्दा. एच-४ वर शिकता येतं पण नोकरी करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून काही जणींना वर्क परमिट मिळायला लागलं, म्हणजे नवऱ्याची ग्रीन कार्डाची पायरी, ते आय-१४० म्हणतात ती, मंजूर झालेली असेल तर. आमची झाली तेव्हा पोरगी बालवाडीत जायला लागली होती आणि मी ठरवलं की आता काहीतरी धड शिकायचं. आजूबाजूच्या सगळ्या सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होत्या, मलाही तेच सुचवलं गेलं, दोन व्हिडिओ बघितले आणि झोप आली. लॉ स्कूल म्हणजे तीन वर्षं आणि त्याच्या फीचा आकडा असा की घरात विषय काढायचीही सोय नाही. तेव्हा एका शेजारणीने कम्युनिटी कॉलेजातला, म्हणजे इथल्या स्वस्तातल्या सरकारी कॉलेजातला, हा कोर्स सांगितला.

कम्युनिटी कॉलेजबद्दल आपल्या लोकांत एक उगाच नाक मुरडणं आहे. स्टॅनफर्ड-बर्कलेच्या जवळ राहायचं आणि गावच्या कॉलेजात जायचं, असा काहीसा सूर. पण कॅलिफोर्नियात रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला (आपण क्रेडिट म्हणतो ते) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ डॉलरात, वर किरकोळ फिया आणि पुस्तकं. रहिवासी नसलात तर तोच विषय कितीतरी पटीने महाग. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मला कुणी सांगितली नव्हती. एच-४ वाल्यांनाही रहिवासी म्हणून फी लागू शकते, टर्म सुरू व्हायच्या आधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे दाखवायचे, लीज, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन वगैरे. काउंटरवरच्या मुलाने व्हिसाचं नाव ऐकताच परदेशी विद्यार्थ्यांची फी सांगितली होती, त्याला नियमावलीचं पान उघडून दाखवल्यावर तो आत जाऊन विचारून आला. कागद वाचायची पतसंस्थेतली सवय कामी आली म्हणायची.

ॲडमिशनला परीक्षा वगैरे काही नाही, पण बी.कॉम.चं घोडं अडलं. पॅरालीगलच्या सर्टिफिकेटला आधीची डिग्री लागते, किंवा मग त्याबरोबर जनरल एज्युकेशनचे विषय करायचे. तीन वर्षांची भारतीय डिग्री इथल्या चार वर्षांच्या डिग्रीबरोबर धरायची की नाही यावर मूल्यांकन करणाऱ्या एजन्सींचं एकमत नाही. शिवाजी विद्यापीठातून सीलबंद मार्कशीटा मागवणं हा एक वेगळाच अध्याय आहे, तो भावाने निस्तरला, त्याबद्दल तो अजून दर राखीपौर्णिमेला ऐकवतो.

पहिला विषय तोंडओळखीचा आणि त्याच्याबरोबरच एथिक्स. वर्ग संध्याकाळचा, साडेसहा ते साडेनऊ. वर्गात कोण कोण होतं ते बघून मी गार पडले. एक निवृत्त पोलीस, एक आजी ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली होती, डेंटिस्टकडे रिसेप्शनला असलेली एक मेक्सिकन पोरगी जी आठ तास उभी राहून थेट वर्गात यायची आणि ब्रेकमध्ये बरिटो खात खात फ्लॅशकार्डं उलटायची, एक विशीतला मुलगा ज्याला लॉ स्कूलला जायच्या आधी पाणी किती खोल आहे ते बघायचं होतं. इथे वय कुणी विचारत नाही. मी चाळिशीला टेकलेली आणि वर्गात मधल्या वयाची.

एथिक्सचा विषय मला सुरुवातीला मूल्यशिक्षणाच्या तासासारखा वाटला होता. खोटं बोलू नका, गुपितं फोडू नका, ठीक आहे. मग सरांनी कॅलिफोर्नियाच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५० समोर ठेवलं. पॅरालीगल कुणाला म्हणायचं हे या राज्यात कायद्यानेच ठरवलंय, २००१ पासून. अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या देशव्यापी संघटनेने, मान्यता दिलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं, किंवा कायद्याचे २४ सेमेस्टर युनिट असलेलं सर्टिफिकेट वा डिग्री, किंवा कुठलीही पदवी आणि वकिलाच्या हाताखाली किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्या वकिलाचं तसं लेखी पत्र. यातलं काही नसताना स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेतलं तर पहिल्याच खेपेला अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. आणि मग काय करायचं नाही त्याची यादी. कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. कोर्टात अशिलाच्या वतीने उभं राहायचं नाही. फी किती घ्यायची ते ठरवायचं नाही. केसेस गोळा करत हिंडायचं नाही. आणि आपल्या वकिलाशिवाय इतर कुणासाठी कुठलाही कायदेशीर कागद निवडायचा नाही, समजावायचा नाही, लिहायचा नाही, सुचवायचाही नाही.

हे शेवटचं वाचून मला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. बायकांच्या त्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी विचारतं, की भाडेकरारात हे लिहिलंय म्हणजे काय, डिपॉझिट परत देत नाहीये काय करू, आईच्या व्हिसाला कुठला फॉर्म. आपण किती सहज उत्तरं देत असतो. मराठी माणसाला तर सल्ला द्यायला कारणही लागत नाही. आणि हा कोर्स असा की तुम्ही जितकं शिकत जाता तितकं तुमचं बोलणं कमी होत जातं, कारण आता तुम्हाला जे माहितीये त्याला वजन आलंय आणि समोरचा त्याच्यावर विसंबून पैसे किंवा मुलं किंवा देशात राहायचा हक्क गमावू शकतो. खरं सांगायचं तर अख्ख्या कोर्समध्ये मला जड गेलं ते हेच. बाकी सगळं पाठांतर आणि घासाघीस होती.

घासाघीस मात्र भरपूर. लीगल रिसर्च अँड रायटिंग हा विषय ज्याने बनवला त्याला वेळेची काही पडलेली नव्हती. एक निकाल वाचायचा, त्यातली घटना, मुद्दा, नियम, नियम या घटनेला कसा लागतो आणि निष्कर्ष, असं एका पानात बसवायचं. वाचायला सोपं वाटतं. टॉर्ट्समध्ये, म्हणजे इजा-नुकसानीच्या भरपाईच्या दाव्यांच्या विषयात, पाल्सग्राफची केस सगळ्यांना असतेच, न्यूयॉर्कची १९२८ सालची. ब्रुकलिनच्या स्टेशनवर सुटलेल्या गाडीत एक माणूस चढतोय, रेल्वेचा एक गार्ड वरून ओढतोय आणि एक खालून ढकलतोय, त्याच्या हातातलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पडतं, त्यात निघतात फटाके, स्फोट होतो आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वजनकाटा कोसळून एका बाईला लागतो. ज्युरीने बाईला सहा हजार डॉलर दिले, वरच्या कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी काढून घेतले. कारण काय, तर गार्डला त्या पुडक्याकडे बघून दूर उभ्या असलेल्या बाईला धोका आहे हे कळण्यासारखं नव्हतं. मी पहिल्यांदा लिहिलेल्या एका पानातलं पाऊण पान बाईला किती लागलं आणि रेल्वे किती निर्दयी आहे यात गेलं. सरांनी त्यावर फक्त एवढंच लिहिलं होतं, "आणि मुद्दा?"

इंग्रजीचं वेगळंच. आपण भारतात ज्या थाटाचं अर्जी इंग्रजी शिकतो, काइंडली डू द नीडफुल छापाचं, ते इथे कुणाला झेपत नाही. मला वाटायचं कायद्याचं लिखाण म्हणजे लांबलचक आणि भारदस्त हवं. इथे उलटं, जड शब्दाला लाल गोल. सायटेशनमध्येही, म्हणजे निकालांचे संदर्भ लिहिण्यातही, दोन पद्धती, देशभर चालणारं ब्लूबुक आणि कॅलिफोर्नियाचं स्वतःचं स्टाइल मॅन्युअल. एकात साल शेवटी, दुसऱ्यात खटल्याच्या नावाला लागून लगेच. राज्याची कोर्टं दोन्ही चालवून घेतात, पण एका कागदात सरमिसळ नाही करायची. आणि पूर्ण विरामानंतर स्पेस आहे की नाही यावर मार्क जातात. नवऱ्याने एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाला, अरे हे तर कोडिंगच आहे. मी म्हटलं तू झोप.

निकाल सापडला म्हणजे काम झालं नाही, तो अजून जिवंत आहे का ते बघायचं. नंतरच्या कोर्टाने फिरवला असेल तर वेस्टलॉवर, म्हणजे निकाल शोधायच्या वेबसाइटवर, त्याच्यापुढे लाल झेंडा दिसतो, शंका असेल तर पिवळा. वेस्टलॉचं वर्गणीचं प्रकरण महागडं आहे, पण इथे प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, लॉ लायब्ररी असते, कुणीही जाऊन बसावं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट शोधावं. मी शनिवारी पोरीला चित्रकलेच्या क्लासला सोडून तिथे जायचे. आजूबाजूला स्वतःची केस स्वतः लढणारी माणसं बसलेली असायची, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन.

आम्ही हे शिकत होतो तेव्हाच २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका झालं. विमानात सर्व्हिंग कार्ट गुडघ्याला लागली म्हणून केलेला साधा दावा, पण वकिलाने चॅटजीपीटीला निकाल विचारले आणि त्याने जे कधी झालेच नाहीत असे खटले नावानिशी रचून दिले. त्यातल्या एकाचं नाव वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स, ऐकायला किती खरं वाटतं बघा. जजने पाच हजार डॉलर दंड केला. सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि पूर्ण तास त्यावरच घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं, की त्या ऑफिसात कुणीतरी फक्त ते नाव टाकून एकदा शोधलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, आणि ते शोधायचं काम पुढे तुमच्याकडेच येणार आहे.

सिव्हिल लिटिगेशन हा माझा आवडता विषय, आणि त्यातही तारखा मोजणं. हसू नका. कॅलिफोर्नियात समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने उत्तर द्यायचं, आपण कैफियत म्हणतो ते. नाही दिलं तर वादी एकतर्फी निकाल मागू शकतो. पहिला दिवस मोजायचा नाही, शेवटचा मोजायचा, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कोर्टाचा दिवस. सरांनी दिलेलं गणित असं होतं: समन्स १३ जानेवारी २०२३ ला, शुक्रवारी, हातात दिलं. तर शेवटची तारीख? तिसावा दिवस १२ फेब्रुवारी येतो, तो रविवार. सोमवार १३ म्हणून सगळ्यांनी लिहिलं. पण १२ फेब्रुवारी हा लिंकनचा वाढदिवस, फेडरल सुट्टी नाही पण कॅलिफोर्नियाच्या कोर्टांना असते, आणि रविवारी आल्यामुळे सोमवारी पाळली गेली. म्हणजे मंगळवार १४. निवृत्त पोलीस साहेबांनी एकट्यांनी बरोबर लिहिलं होतं, कारण म्हणे नोकरीत असताना त्या दिवशी एकदा उगाच साक्षीला जाऊन बंद दार बघून आले होते.

हे झालं हातात दिलेल्या समन्सचं. ते हातात द्यायचं तेही वादीने स्वतः नाही, अठरा वर्षांवरचा आणि केसशी संबंध नसलेला माणूस लागतो. माणूस वारंवार जाऊनही सापडत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाकडे ठेवून वर पोस्टानेही पाठवायचं आणि मग दहा दिवसांनी बजावणी झाली असं धरायचं, तिथून पुढे ३०. नंतरचे कागद, म्हणजे प्रश्नावल्या वगैरे, पोस्टाने पाठवले तर उत्तराच्या मुदतीत राज्यातल्या राज्यात पाच दिवस वाढतात, दुसऱ्या राज्यात दहा, देशाबाहेर वीस. ईमेलने पाठवले तर दोन, पण ते कोर्टाचे कामाचे दिवस, कॅलेंडरचे नाहीत. एवढं सगळं एका कागदावर लिहून मी फ्रिजवर लावलं होतं. शिवाय आपली सवय आधी दिवस मग महिना लिहायची, इथे आधी महिना. पाच जुलै की सात मे, यात एखाद्याचा दावा बुडू शकतो, म्हणून मी अजूनही महिना अक्षरात लिहिते, आकड्यात नाहीच.

आणि तो कागद! इथल्या कोर्टात दाखल करायच्या कागदाला डाव्या मार्जिनला १ ते २८ आकडे छापलेले असतात आणि प्रत्येक ओळ आपापल्या आकड्यासमोर यायला लागते. वर्डमध्ये एक एंटर जास्त पडला की पाचव्या पानावर सगळं अर्ध्या ओळीने घसरतं. मला स्वप्नात ते आकडे दिसायचे. पण त्याची सोय कोर्टात गेल्यावर कळते, जज म्हणतात पान तीन, ओळ सतरा, आणि सगळ्यांची बोटं एका जागी जातात.

शेवटी इंटर्नशिप. माझी काउंटी कोर्टाच्या सेल्फ हेल्प सेंटरमध्ये लागली. वकील परवडत नाही असे लोक तिथे येतात, रांगेत नंबर घेतात. सेंटर कुणाची बाजू घेत नाही, सकाळी नवरा येऊन जातो आणि दुपारी त्याचीच बायको येते, दोघांनाही तेवढीच मदत. माहिती द्यायची, सल्ला नाही. वर्गात ही रेघ किती स्वच्छ दिसत होती.

तिथे एक बाई आल्या, आडनाव वाचून मला टेबलावर बोलावलं गेलं. बोलण्यावरून विदर्भातल्या. मराठी ऐकल्यावर त्यांचे खांदे खाली आले, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर पडलं जे मला ऐकायचंही नव्हतं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही आपल्या आहात, तुम्हीच सांगा, मी आधी फाइल करू की त्याने करायची वाट पाहू?" माझ्या जिभेवर उत्तर होतं. कुठल्याही मोठ्या बहिणीच्या जिभेवर असतं. मी घटस्फोटाचा फॉर्म एफएल-१०० पुढे ठेवला आणि सांगितलं की जो हा भरतो तो पिटिशनर, म्हणजे अर्जदार, दुसऱ्याला कागद मिळाल्यापासून ३० दिवस उत्तराला, दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि या काउंटीत तीन महिने राहिलेला हवा, कागद पोचल्यापासून किमान सहा महिने तरी घटस्फोट पक्का होत नाही, फी साडेचारशे डॉलरच्या आसपास आणि परवडत नसेल तर माफीचा अर्ज एफडब्ल्यू-००१. मग समन्सची मागची बाजू उलटून दाखवली. तिथे बारीक अक्षरात छापलंय की फाइल करणाऱ्यावर लगेच आणि दुसऱ्यावर कागद पोचल्यापासून बंदी लागते, मुलांना दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय राज्याबाहेर न्यायचं नाही, त्यांचा नवा पासपोर्ट काढायला टाकायचा नाही. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे उन्हाळ्यात नागपूरला?" मी म्हटलं, इथे लिहिलंय ते असं आहे, तुमच्या बाबतीत काय करायचं ते वकिलालाच विचारा, आणि मोफत मदत करणाऱ्या संस्थांची यादी दिली. त्या नाराज झाल्या. स्पष्ट दिसत होतं, की आपली म्हणून जवळ गेले आणि हीसुद्धा खिडकीतल्या बाईसारखंच बोलतेय. सुपरवायझर वकीलबाई शेजारच्या टेबलावर होत्या, त्यांना मराठी येत नाही, पण नंतर त्यांनी विचारलं की कुठल्या प्रश्नावर तू थांबलीस. मी सांगितलं. बरोबर ठिकाणी थांबलीस म्हणाल्या. मला तेव्हा ते फारसं बरोबर वाटलं नव्हतं, आणि आजही पूर्ण वाटत नाही. ज्या माणसाला वकील परवडतो त्याला सल्ला मिळतो आणि ज्याला परवडत नाही त्याला यादी मिळते, यात काहीतरी चुकतंय. ॲरिझोनात २०२१ पासून काही प्रकारच्या केसेसमध्ये परवाना घेतलेल्या बिगरवकिलांनाही सल्ला देता येतो, कोर्टात उभं राहता येतं. कॅलिफोर्नियात तसं नाही.

तरी रेघ का आहे ते मला नोकरी शोधताना कळलं. एका छोट्या ऑफिसात मुलाखतीला गेले, इमिग्रेशनचं काम, अशील बहुतेक भारतीय. वकीलसाहेब म्हणाले, तुला हिंदी-मराठी येतं हे उत्तम, क्लायंट तूच बघ, कुठला फॉर्म भरायचा ते तूच ठरव, मी आठवड्यातून एकदा येऊन सह्या करतो. पगार बरा सांगितला. मी विचारलं की मी ठरवलेला फॉर्म चुकला तर? ते हसले. तिथे मी गेले नाही. घरी यावर थोडी वादावादी झाली, पहिली ऑफर कोण नाकारतं म्हणून, पण कलम ६४५० चा प्रिंट काढून टेबलावर ठेवला आणि विषय संपला.

पैशाचं लोक हमखास विचारतात म्हणून, देशभरातल्या पॅरालीगलचा मधला पगार २०२३ साली वर्षाला ६१ हजार डॉलरच्या जवळपास होता. बे एरियात त्यापेक्षा जास्त मिळतो पण बे एरियातलं भाडंही तुम्हाला माहितीये. सॉफ्टवेअरशी तुलना करणार असाल तर करूच नका. सुरुवातीची नोकरी मिळायला वेळ लागतो, सगळ्यांना अनुभव हवा असतो, मला इंटर्नशिपमधल्या वकीलबाईंच्या शब्दावर मिळाली, बिझनेस खटले लढवणाऱ्या एका लहान फर्ममध्ये.

काम बरंचसं डिस्कव्हरीचं. म्हणजे दावा दाखल झाल्यावर पण प्रत्यक्ष सुनावणीला उभा राहायच्या आधी दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून कागद आणि उत्तरं मागायची. स्वतः बनवलेले लेखी प्रश्न साधारण ३५ पर्यंत विचारता येतात, जास्त हवे तर का हवेत त्याचं डिक्लेरेशन जोडायचं, म्हणून वकील लोक एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबायला बघतात आणि ते शोधून हरकत घ्यायची हे माझं आवडतं काम आहे. समोरच्याला द्यायच्या प्रत्येक पानावर खाली कोपऱ्यात सलग नंबर पडतो, बेट्स नंबर म्हणतात, आणि सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खाती यांच्यावर काळी पट्टी. ती पट्टी नुसती वर काढून चालत नाही, खालचा मजकूर फाइलमधून खरोखर गेलाय का ते कॉपी-पेस्ट करून बघायचं. मी प्रत्येक फाइलला बघते, ऑफिसात त्यावरून चेष्टा होते. पतसंस्थेत असताना आमच्या मॅनेजर मॅडम प्रत्येक गहाणखताचा गट नंबर स्वतः सातबाऱ्याशी ताडून बघायच्या आणि आम्ही पाठीमागे हसायचो, त्या आता फार आठवतात.

कोर्स करायचा विचार असेल तर आधी दोन गोष्टी बघा. कॉलेजच्या कोर्सला अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता आहे का, कारण बऱ्याच फर्म्स जाहिरातीतच ते लिहितात. आणि इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की तुम्ही शोधायची. भारतात एलएल.बी. झालेल्यांनी हा कोर्स करायच्या आधी बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेला बसता येतंय का ते तपासावं, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे परदेशी कायदा पदवीवाल्यांसाठी वाटा आहेत. ही माहिती आहे, सल्ला नाही.

सर्टिफिकेट मिळाल्यावर अभ्यास सुटला असं समजू नका. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी चार तास एथिक्सचे आणि चार तास कायद्याच्या कुठल्याही शाखेचे पुन्हा करावे लागतात. ते राज्याकडे कुठे पाठवायचे नसतात, आपल्या वकिलाकडे तसं लिहून द्यायचं आणि नोंद आपली आपण ठेवायची. माझे एथिक्सचे तास अजून बाकी आहेत, परवा जेवणाच्या सुट्टीत एक वेबिनार आहे, विषय अशिलाच्या ईमेलला पॅरालीगलने किती उत्तर द्यावं.